केरबा देवीपुढे नंबर लावतो

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव केरबा. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बरं बोलतात, ते तसंच चालू राहावं.

केरबाला कुणी मूर्ख म्हणत नसे. म्हणजे तोंडावर म्हणत नसे. माणूस गुणाचा. दळण चोख, दुसऱ्याच्या पिठाला कधी हात लावला नाही. आणि सांगितलेलं ऐकायचा. एकदा सांगितलं की ध्यानात ठेवायचा. तेच तर सगळं दुखणं होतं.

त्याच्या गिरणीची एक रीत होती. सगळ्याच गिरण्यांची असते. बायका सकाळी धान्याचा डबा आणून रांगेत ठेवायच्या, डब्यावर खडूनं नाव लिहायचं आणि घरी जायचं. माणूस घरी, डबा नंबरला. कुणी कुणाचा डबा मागं सरकवला तर दोन पिढ्या बोलणं बंद. केरबाचा जन्म त्या डब्यांत गेला होता. तो माणसं तोंडानं कमी आणि डब्यानं जास्त ओळखायचा. पोचा आलेला डबा म्हणजे मास्तरीणबाई. कडी तुटलेला म्हणजे गंगूआत्या. लाल झाकणाचा म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या लोखंडे सिस्टर.

चैत्र आला आणि जानाईच्या जत्रेचा आठवडा लागला. रविवारी जत्रा. घराघरांत पाव्हणे यायचे. कुणाला पुरणपोळीचे गहू दळायचे, कुणाला वड्याचं पीठ. डब्यांची रांग गिरणीच्या दारातून निघून रस्त्यावर गेली. केरबाला डोळ्यावरचं पीठ पुसायला फुरसत नव्हती.

नेमकी त्याच आठवड्यात त्याची एकुलती एक लेक, इंदू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरलेले. पोर अंगानं नाजूक, पाय सुजलेले. केरबाचा जीव तिच्यात अडकलेला. गिरणी बंद करून घरी आला की आधी तिच्या उशाशी बसायचा आणि मग हात धुवायचा. त्यामुळे इंदूच्या उशीवर कायम पीठ.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. ती त्याला म्हणाली, "अवो, जत्रा होईस्तोवर रोज जानाईपुढं जाऊन पोरीसाठी हात जोडून या. एक दिवस चुकवायचा न्हाई. पोरगी सुखरूप सुटली तर सव्वा महिन्यानं लेकरू देवीच्या पायावर घालू."

"तूच जा की. मला गिरणीतनं हलता येत न्हाई."

"आन् मला पोरीजवळनं हलता येतंय व्हय? कामातनं येळ काढायचा असतोय. काढा."

केरबाला पटलं.

सोमवारी तो देवळात गेला. पाहतो तर काय, तिथंही रांग. जत्रेचा आठवडा, पन्नास बायका हातात ताट घेऊन उभ्या. तिकडं गिरणीत चाळीस डबे. आता शहाण्या माणसानं काय करावं? केरबानं तेच केलं. घरी गेला, दोन पायल्या ज्वारीचा डबा उचलला, त्यावर खडूनं लिहिलं, केरबा, आणि देवळाच्या रांगेत नेऊन ठेवला. मग निवांत दळायला गेला.

संध्याकाळी डबा आणायला आला. डबा रिकामा होता.

"नंबर झाला?" त्यानं रामा गुरवाला विचारलं.

रामा गुरव देवीचा पुजारी. कुणीतरी शिधा ठेवलाय असं समजून त्यानं ज्वारी घरात ओतून घेतली होती. तो म्हणाला, "झाला की."

केरबा खुशीत घरी आला आणि हौसाला सगळं सांगितलं. हौसानं कपाळावर हात मारला.

"अगं बया! देवाला डबा न्हाई चालत वो! माणूस लागतंय. माणूस!"

"चुकलं माझं," केरबा म्हणाला. "उद्या ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. मंगळवारी सकाळी मास्तरीणबाई पोचा आलेला डबा ठेवून निघाल्या, तर केरबा आडवा आला.

"डबा न्हाई चालत. माणूस लागतंय."

"म्हणजे?"

"हुबं राहा. नंबर आला की सांगतो."

त्या दिवशी सगळं गाव गिरणीपुढे उभं होतं. चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणाचं तान्हं रडून रडून झोपलं. गंगूआत्या ऐंशीच्या. त्या दगडावर टेकायला गेल्या तर केरबानं त्यांना हाताला धरून उठवलं आणि परत रांगेत लावलं. "आत्या, बसलं तर नंबर जाईल हां," तो फार मायेनं म्हणाला. दिवस मावळेपर्यंत बायकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एवढी माणसं ताटकळत उभी टाकून देवळात जायचं त्याच्या जिवावर आलं. गेला तेव्हा आरती होऊन दार लागलं होतं. त्यानं शेजारच्या महादेवापुढच्या नंदीला हात जोडले आणि परतला.

"नंदीला?" हौसा म्हणाली. "आन् बायकास्नी कशाला हुबं केलं? गिरणीत डबाच चालतोय! ह्यो माणूस माझ्या नशिबी कुठनं आला गं बाई! हे बघा, देवळात जायला नसंल जमत तर काम करता करता नाव घ्या. वरनं दाणा पडतोय न्हवं? त्याच्यासंगं देवीचं नाव घ्यायचं. हात कामात, नाव तोंडात. कळलं?"

"कळलं. चुकलं माझं. उद्या ध्यानात ठेवतो."

बुधवारी डबेच चालतात म्हटल्यावर बायका डबे ठेवून घरी गेल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तो त्यांनी जरा लवकर टाकला.

केरबानं मास्तरीणबाईंचा गव्हाचा डबा घेतला, मोटार चालू केली आणि वर एक दाणा टाकला. "जय जानाई." मग दुसरा टाकला. "जय जानाई." मग तिसरा. दोन दाणे एकदम पडले तर एक परत काढून घ्यायचा, देवीला फसवायचं नाही. दुपारपर्यंत दगडावर दगड घासून गिरणीतून जळका वास सुटला. मास्तरीणबाई दळण न्यायला आल्या तेव्हा खाली वाटीभर पीठ पडलं होतं. तेही काळपट.

"बाकीचं?" त्यांनी विचारलं.

"जय जानाई," केरबा म्हणाला आणि एक दाणा टाकला.

रांगेत पंचेचाळीस डबे. जत्रा चार दिवसांवर. मास्तरीणबाई तिथंच रडायच्या बेतात होत्या, पण त्यांनी रडं गिळलं आणि तरातरा हौसाकडे गेल्या.

हौसानं रात्री त्याला पुढ्यात बसवलं. "एकेक नाव घेत बसलात तर देवीला तरी येळ हाय का तेवढा? जगाचा कारभार हाय तिच्यामागं. सगळं एकदाच सांगून मोकळं व्हायचं. त्यातलं काय कुणाचं ते तिचं ती निवडून घेती."

"सगळं एकदाच," केरबा घोकत झोपला.

गुरुवारी त्यानं सगळं एकदाच केलं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, वड्याचं मिश्रण, सिस्टरांचे आंबेमोहर तांदूळ. पंचेचाळीस डबे त्यानं ताडपत्रीवर ओतले, फावड्यानं हलवले आणि एका दमात दळून काढले. मग प्रत्येक डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. दुपारी रांग संपली. जत्रेच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी रांग संपलेली गिरणी गावानं कधी बघितली नव्हती.

केरबा अंघोळ करून देवळात गेला. चांगला तासभर बसला. पोरीसाठी हात जोडले, पुरणपोळीच्या जेवणासारखं साग्रसंगीत सगळं सांगितलं, अंगारा घेतला. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. हौसा म्हणते ते खरं, मनात आणलं तर वेळ निघतो.

परत आला तर गिरणीपुढे बायकांची गर्दी.

"ह्या पिठाची पोळी लाटू का भिंती लिंपू?" एकीनं विचारलं.

"त्यातलं ज्याचं त्यानं निवडून घ्यायचं," केरबानं समजावलं.

पुढचं मी सांगत नाही. लेकरंबाळं ऐकतायत. एवढंच सांगतो की हौसानं घरातलं होतं नव्हतं तेवढं धान्य वाटून वेळ मारून नेली. रात्री ती त्याच्यावर ओरडलीसुद्धा नाही. आतल्या खोलीत इंदूला झोप नव्हती, कंबर दुखत होती. हौसा हळू आवाजात म्हणाली, "आता एकच सांगते. म्होरच्याला इचारल्याबिगर काय करू नका. बारीक का जाड, इचारायचं. उत्तर येऊस्तोवर थांबायचं. एवढं करा माझ्यासाठी. पोरीचे दिवस भरल्यात, मला घोर लागलाय."

केरबाला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तो कासावीस झाला. हे मात्र आपण चुकवायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

शुक्रवारी पहाटेच तो देवळात रांगेत उभा राहिला. स्वतः. नंबर आला. त्यानं हात जोडले आणि विचारलं, "आई, माझ्या पोरीला मोकळं करशील न्हवं?"

आणि उत्तराची वाट बघत थांबला.

मागं रांग वाढली. ताटांतल्या वाती विझल्या. गंगूआत्या त्याच्या पाठीमागंच होत्या. त्या म्हणाल्या, "मंगळवारी गिरणीत हुबी होते, आज हितं. माझे पाय ह्याच्या नावानं लिहून ठेवल्यात काय गं बाई?"

शेवटी रामा गुरव आला. "काय रे, हलंनास का?"

"देवी काय बोलंना."

"देवी कुणाशी बोलती व्हय? गप ऱ्हायली म्हंजे हो म्हणाली असं समजायचं आन् घरला जायचं."

"असं हाय व्हय!" केरबाचा चेहरा उजळला. तो घरापर्यंत जवळजवळ नाचत आला. देवी हो म्हणाली होती.

शनिवारी दुपारी इंदूला कळा सुरू झाल्या.

हौसा ओरडली, "पळा! सिस्टरास्नी घेऊन या!"

केरबा मोटार बंद करायची विसरून पळाला. एक चप्पल वाटेत गेली. दवाखान्यामागं सिस्टरांची खोली होती. दार लावलेलं. त्यानं दारापुढे हात जोडले. "बाई, इंदीला कळा लागल्यात. येता न्हवं?"

कुणी बोललं नाही. केरबा थांबला. परत विचारलं. परत गप्प. त्याच्या जिवात जीव आला आणि तो आला तसा घरी पळाला.

"येती म्हणाल्या," तो धापा टाकत म्हणाला.

हौसानं पाणी तापवलं, जुनी लुगडी काढली. अर्धा तास गेला. एक तास गेला. आत इंदू कण्हत होती, मग ओरडायला लागली. हौसा दारात आली.

"अजून कशा आल्या न्हाईत? निघाल्यात न्हवं?"

"निघताना न्हाई बघितलं."

"मग बोलला कुणाशी?"

"दाराशी."

"दाराला काय होतं?"

केरबानं आठवून पाहिलं. "कुलूप," तो म्हणाला.

हौसा मटकन खाली बसली. आतून इंदूची हाक आली, "आये गं!" आणि हौसा तशीच उठून आत धावली.

केरबा ओसरीवर उरला. कुठं जावं, कुणाला विचारावं, त्याला काही सुचेना. आठवडाभरात त्याला खूप काही शिकवलं होतं आणि त्यातलं एकही त्या घडीला कामाचं नव्हतं. त्यानं तोंड झाकून घेतलं आणि म्हणाला, "जानाई, माझी पोर हाय गं ती." एवढंच. पुढं त्याला बोलता येईना. पिठानं भरलेल्या गालांवरून पाणी ओघळलं आणि त्याची कणीक झाली.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी डबा आदळला.

"केरबा! बाहेर ये आधी!"

लाल झाकणाचा डबा. त्याच्यामागं लोखंडे सिस्टर, पदर खोचलेला, नाकाचा शेंडा लाल. त्या दोन दिवस शेजारच्या गावी गेल्या होत्या, येताना गिरणीतून डबा उचलून आणला. घरी येऊन तांदळाची भाकरी थापायला बसल्या तर तव्यावर काय चिकटलं ते त्यांनाच ओळखू येईना. "हे तांदूळ आहेत? माझे आंबेमोहर कुठं गेले? मी तुला आज..."

आतून इंदू किंचाळली.

सिस्टर थांबल्या. "दिवस भरलेत ना? कधीपासून कळा?" आणि उत्तराची वाट न बघता केरबाला बाजूला ढकलून त्या आत शिरल्या. "हौसाबाई, पाणी आणा. उकळलेलं. कात्री कुठंय?"

दिवेलागणीला आतून रडण्याचा बारीक आवाज आला. मुलगी झाली होती. इंदू सुखरूप होती. सिस्टर घाम पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणखी तासभर उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं."

केरबा हौसाकडे वळला. "म्हटलं न्हवतं, येती म्हणाल्या म्हणून?"

हौसा हसली की रडली ते तिलाच कळलं नाही.

रविवारी जत्रा झाली. त्या गुरुवारच्या पिठाचे वडे म्हणाल तर गावानं असे खुसखुशीत वडे आजवर खाल्ले नव्हते. आजही तिथल्या बायका केरबाला विचारतात, त्यात काय किती घातलं होतंस. केरबा खरं तेच सांगतो, "सगळं."

सव्वा महिना सरला. मंगळवार उजाडला. देवीचा वार, त्यामुळे देवळात रांग. आणि वैशाखातली पापड-कुरडयांची घाई, त्यामुळे गिरणीतही रांग. बाळ देवीच्या पायावर घालायचं होतं. हौसा म्हणाली, "तुम्ही बाळाला घिऊन म्होरं व्हा आन् नंबर धरा. मी ओटीचं ताट भरते, इंदूला संगं घिऊन मागनं येतेच."

केरबानं नातीला गोधडीत गुंडाळलं आणि निघाला.

थोड्या वेळानं हौसा आणि इंदू ताट घेऊन देवळाकडे निघाल्या. वाटेत गिरणी लागते. गिरणी चालू होती. हौसानं आत डोकावलं तर केरबा उडदाची डाळ दळत होता. हात मोकळे.

"बाळ कुठाय?"

"नंबरला हाय," केरबा म्हणाला.

हौसाचं लक्ष डब्यांच्या रांगेकडे गेलं. पोचा आलेला डबा, कडी तुटलेला डबा, लाल झाकणाचा डबा. तिच्या हातातलं ताट पडलं. ती पुढं झाली आणि पहिल्या डब्याचं झाकण तिनं ओढून काढलं. डाळ. दुसऱ्याचं काढलं. तांदूळ. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मात्र केरबाला वाईट वाटलं. एवढा का आपण अडाणी?

"हितं कशी आसंल ती?" तो म्हणाला. "हितं डबा चालतोय. देवळात डबा न्हाई चालत, माणूस लागतंय. तूच म्हणालीस न्हवं? म्हणून डबा न्हाई ठेवला. तिलाच ठेवली. गंगूआत्याच्या म्होरं."

हौसा धावत सुटली. तिच्यामागं इंदू, इंदूमागं केरबा. मोटार परत चालूच राहिली.

देवळाच्या रांगेत गोधडी नव्हती. गंगूआत्याही नव्हत्या. हौसा किंचाळणार एवढ्यात गाभाऱ्यातून रामा गुरव म्हणाला, "वरडू नको हौसा, निजलीय ती."

बाळ देवीच्या पायाशी होतं. कपाळाला कुंकू लागलं होतं. गंगूआत्या शेजारी बसून पदरानं वारा घालत होत्या. चांगल्या बसल्या होत्या, कुणी उठवत नव्हतं. गोधडीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, केरबा.

"मागल्या खेपेला डब्यावर हेच नाव होतं," गुरव म्हणाला. "त्यातली ज्वारी मी घरला न्हेली. ह्या वेळंला म्हटलं, आधी उघडून बघावं."

हौसा उंबऱ्यातच बसली आणि तिनं हात जोडले. सव्वा महिन्यात, त्याच्या आधीच्या त्या आठवड्यातसुद्धा, दुसऱ्याला वेळ काढ म्हणून सांगणाऱ्या हौसाला स्वतःला तेवढा वेळ मिळाला नव्हता. इंदू तिच्या शेजारी टेकली.

केरबा धापा टाकत मागून पोचला.

"नंबर झाला?"

"झाला," रामा गुरव म्हणाला.

केरबानं गिरणीच्या रीतीप्रमाणे गोधडीवरचं नाव बाहीनं पुसून टाकलं, नातीला उचलून इंदूच्या हातात दिलं आणि मोकळी जागा झाली म्हणून मागच्या बाईला हाक मारली, "या वहिनी, ठेवा तुमचं."

झालं दळून. ज्याचा डबा त्यानं घरी न्यावा, आणि झाकण उघडून एकदा बघून घ्यावं.